तीन पिढ्यांची अरण्यवाट
आंबोलीच्या सदाहरित वनातील एक दिवस

दिवाळीची सुटी लागली की मुलांना कोठे न्यावयाचे, हा प्रश्न घरोघरी उपस्थित होतो. समुद्रकिनारा, किल्ला, देवस्थान ही उत्तरे ठरलेली असतात. गेल्या दिवाळीत आमच्या घरी या प्रश्नाचा निकाल माझ्या वडिलांनी लावला. वय अठ्ठ्याहत्तर, हाती काठी, आयुष्य प्राथमिक शिक्षक म्हणून गेलेले. "नातवंडांना एकदा रान दाखवायचे आहे, आणि तेही मी चालता आहे तोवर," असे ते म्हणाले. त्यानुसार आजोबा, आजी, दहा वर्षांची नात, सात वर्षांचा नातू, मुलांची आई आणि प्रस्तुत लेखक अशी सहा माणसे एके सकाळी सावंतवाडीहून घाट चढून आंबोलीस गेलो. त्या एका दिवसात जे पाहावयास व ऐकावयास मिळाले, ते शिक्षक आणि पंचायत सदस्य यांना उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे.

पाऊस चार महिन्यांचा, पाणी बारा महिन्यांचे

आंबोली हे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या सावंतवाडी तालुक्यातील घाटमाथ्यावरचे गाव. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे ६९० मीटर आहे. अरबी समुद्रावरून येणारे नैर्ऋत्य मोसमी वारे येथे सह्याद्रीच्या भिंतीवर आदळतात, वर चढतात, थंड होतात आणि आपल्याजवळची वाफ पावसाच्या रूपाने रिती करतात. वर्षाकाठी येथे सरासरी सात हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे पुणे शहरात पडतो त्याच्या जवळजवळ दसपट. अशा पावसावर पोसलेल्या, वर्षभर पानांनी भरलेल्या अरण्यास पर्जन्यवन किंवा सदाहरित वन असे म्हणतात. वनशास्त्राच्या काटेकोर परिभाषेत आंबोलीचा काही भाग सदाहरित, तर बराचसा भाग निमसदाहरित आहे.

तथापि सह्याद्रीचे हे वन आणि विषुववृत्ताजवळचे वन यांत एक महत्त्वाचा भेद आहे. विषुववृत्तालगत पाऊस बहुधा वर्षभर पडत राहतो. सह्याद्रीत तो जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोसळतो आणि नंतर जवळजवळ आठ महिने आकाश कोरडे असते. असे असूनही येथील झाडे हिरवी राहतात आणि ओढे हिवाळ्यानंतरही वाहतात. हे कसे घडते, याचे उत्तर त्या दिवशी आम्हांस पायाखालीच सापडले.

मजल्यांचे घर

गावातील एक माहितगार तरुण वाटाड्या म्हणून बरोबर होता. पायवाट रानात शिरताच धाकट्याने विचारले, "आजोबा, इथे दुपार झाली तरी ऊन का नाही?" आजोबांनी त्याला मान वर करून पाहावयास सांगितले. या वनाची रचना मजल्यामजल्यांच्या घरासारखी असते. सर्वांत वर जांभूळ, आंबा, हिरडा अशा थोर वृक्षांचा एकमेकांत गुंतलेला माथा. त्याखाली अंजनासारखी मध्यम उंचीची झाडे. त्याखाली कारवीसारखी झुडपे आणि सर्वांत खाली नेचे, शेवाळ व कुजणारा पाचोळा. खोडांवर दगडफूल आणि आमरी यांनी वस्ती केलेली. यांतील बहुतेक आश्रित झाडाचा रस शोषत नाहीत. त्यांना केवळ आधार आणि ओलावा हवा असतो.

प्रत्येक मजला आपल्या वाट्याचे ऊन घेतो आणि उरलेले खाली सोडतो. पावसाचेही तसेच होते. टपोऱ्या थेंबांचा मारा प्रथम माथा झेलतो. मग ते पाणी पानापानांवरून, फांद्यांवरून आणि खोडावरून हळूहळू खाली येते. येथील कित्येक झाडांच्या पानांचे टोक लांब व निमुळते असते, ते थोरल्या नातीच्या ध्यानात आले. पानावर साचलेले पाणी त्या टोकावरून लवकर निथळून जाते.

पाण्याच्या बाटलीचा प्रयोग

एका ठिकाणी आजोबा थांबले आणि त्यांतला शिक्षक जागा झाला. त्यांनी नातीला काठीने पाचोळा उकरावयास लावला. वरच्या थरात अखंड सुकी पाने होती. त्याखाली अर्धवट कुजलेली, बुरशीच्या पांढऱ्या तंतूंनी बांधलेली पाने होती. आणखी खाली काळी, भुसभुशीत, ओलसर माती लागली. शेवटचा मोठा पाऊस होऊन बरेच दिवस लोटले होते, तरी मूठभर माती दाबताच तळहात ओला झाला.

नंतर त्यांनी पिण्याच्या पाण्याची बाटली घेतली. अर्धे पाणी माणसांच्या पायांनी घट्ट झालेल्या वाटेवर ओतले. ते तत्काळ उताराने वाहत गेले आणि जाताना माती घेऊन गेले. उरलेले अर्धे पाचोळ्यावर ओतले. ते दिसेनासे झाले. "कुठे गेले पाणी?" त्यांनी विचारले. "जमिनीने प्यायले," धाकटा म्हणाला.

सदाहरित वनाचे कार्य याहून सोप्या शब्दांत सांगता येणार नाही. पाचोळा पाण्याचा वेग मोडतो. गांडुळे, वाळवी आणि मुळे यांनी जमीन सच्छिद्र झालेली असते. तीत मुरलेले पाणी जांभ्याच्या पोकळ्यांतून आणि काळ्या खडकाच्या भेगांतून सावकाश उतरते व झऱ्यांच्या वाटे पुन्हा बाहेर पडते. झाडे गेली की पाचोळा जातो, पाचोळा गेला की माती उघडी पडते आणि तोच पाऊस चार महिने पुराच्या रूपाने व आठ महिने टंचाईच्या रूपाने भेटतो. कोणत्याही शाळेच्या आवारात अथवा गावाच्या टेकडीवर हा प्रयोग करता येण्याजोगा असून त्यास एका बाटलीपलीकडे खर्च नाही.

रानातील शेजारी

पुढे वाटाड्याने बोट केले, त्या उंच फांदीवर काटक्यापानांचे एक मोठे गोल घरटे होते. ते शेकरूचे, म्हणजे आपल्या राज्यप्राण्याचे. शेकरू क्वचितच जमिनीवर उतरते. फांदीवरून फांदीवर वीस फुटांपर्यंत उडी घेऊन ते आपला प्रवास करते. त्यामुळे वृक्षांचा माथा जेथे तुटतो, तेथे त्याचा रस्ताच तुटतो.

धनेश पक्ष्याचा कर्कश आवाज कानी आला, पण तो दिसला नाही. त्याची हकीकत मुलांना फार आवडली. विणीच्या काळात मादी जुन्या वृक्षाच्या ढोलीत शिरते आणि एक बारीक फट ठेवून ढोलीचे तोंड लिंपून घेते. नर कित्येक आठवडे त्या फटीतून तिला व पिलांना फळे भरवितो. वड, उंबर आदी फळांचे बी तो दूरवर टाकतो, म्हणून रानाच्या पेरणीत त्याचा वाटा मोठा आहे. परंतु धनेशाजोगी ढोली होण्यास वृक्षाला पुष्कळ वर्षे जगावे लागते. लावलेले रोप ही उणीव लवकर भरून काढू शकत नाही.

काही रहिवासी तर आंबोलीचेच आहेत. २००९ साली शास्त्राला नव्याने परिचित झालेला येथील एक भेक पावसाळ्याच्या आरंभी कातळावरील उथळ डबक्यांत अंडी घालतो. हिरण्यकेशीच्या उगमस्थानी आढळलेल्या एका लहान माशाचे वर्णन २०२० साली प्रसिद्ध झाले आणि त्यास नदीचेच नाव देण्यात आले. २०२१ साली शासनाने उगमाजवळचे २.११ हेक्टर क्षेत्र जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केले.

उगमापाशी

दुपारची भाकरी आम्ही त्या उगमापासून काही अंतरावर खाल्ली. तांदळाची भाकरी, लसणीची चटणी आणि गूळ. आजीने निघताना कापडी पिशवी घेतली होती. तीत आमचा कचराच नव्हे, तर वाटेत पडलेली इतरांची प्लॅस्टिकची वेष्टनेही मुलांनी गोळा करून भरली.

गुहेतून येणारे हिरण्यकेशीचे पाणी थंड व नितळ असते. आंबोलीच्या कड्यावरून स्वच्छ दिवशी पश्चिमेस समुद्राची रेघ दिसते. पण हे पाणी त्या बाजूस जात नाही. ते पूर्वेकडे वळते, आजरा व गडहिंग्लज परिसरातील शेते भिजविते, पुढे घटप्रभेस आणि तिच्याबरोबर कृष्णेस मिळून अखेर बंगालच्या उपसागरास जाते. ज्या शेतकऱ्याने आंबोली कधी पाहिलेली नाही, त्याच्या उसाच्या सरीत या रानातील पाचोळ्याने धरून ठेवलेल्या पाण्याचा अंश असतो.

आजोबांनी सांगितलेली गोष्ट

ओंजळीतले पाणी पीत नातीने सहज विचारले, "आजोबा, आपल्या गावी असा झरा का नाही?"

वडील थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "होता. तुझ्या बाबाला विचार, तो त्यात डुंबला आहे."

घाटाखाली आमच्या गावाच्या वर डोंगराचा एक उतार आहे. त्यात आमच्या घराण्याचे मालकी रान होते. त्या रानातून येणारा झरा माझ्या लहानपणी वैशाखापर्यंत वाहत असे आणि वाडीतील दहाबारा घरे त्यावर पाणी भरीत. मी महाविद्यालयात जावयाचे ठरले त्या वर्षी वडिलांनी रीतसर परवानगी घेऊन ती झाडे ठेकेदारास विकली. पुढे शेजारच्यांनीही आपापले हिस्से विकले. पाचसहा वर्षांत झरा पौषातच आटू लागला. आज त्या वाडीला उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते.

"चूक कुणाची होती म्हणायची?" वडील नातवंडांना सांगत होते, पण ऐकत मी होतो. "पोराला शिकवायचे होते, पैसा दुसरा नव्हता. झाडे माझी होती. झरा मात्र माझा एकट्याचा नव्हता, हे मला तेव्हा कुणी सांगितले नाही, आणि शिक्षक असून मलाही सुचले नाही."

ज्या पदवीच्या बळावर मी आज शासनाच्या विकासयोजनांची माहिती लिहितो, ती पदवी त्या उताराने दिलेली आहे. ही गोष्ट मला ठाऊक होती. पण माझ्या मुलांसमोर ती प्रथमच उच्चारली गेली.

पंचायत आणि शाळा काय करू शकतील

अशा उतारांची पुनर्स्थापना अशक्य नाही, मात्र तिला क्रम आहे. प्रथम वणवा व चराई यांपासून उतार राखावा. जुन्या खुंटांना फूट येते, पक्ष्यांनी टाकलेले बी रुजते आणि पाचोळा साठू लागतो. मग जेथे काहीच उगवत नाही तेथे स्थानिक जातींचीच लागवड करावी. जांभूळ, आंबा, रातांबा यांचे बी फार दिवस साठविल्यास रुजत नाही; फळांच्या हंगामातच ते पेरावे लागते. बी कोठून आणावे हा प्रश्न पडल्यास गावची देवराई पाहावी. देवाच्या नावाने राखलेल्या या रानांचे महत्त्व डॉ. वा. द. वर्तक व डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकातच अभ्यासाने दाखवून दिले आहे.

जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असून, गावच्या वनस्पती, प्राणी व त्यांविषयीचे पारंपरिक ज्ञान यांची लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे हे त्या समितीचे प्रमुख कार्य आहे. ही नोंदवही कार्यालयात बसून पुरी होणार नाही. तिच्यातील मजकूर वृद्धांच्या स्मरणात आहे. शिक्षकांनी मनावर घेतल्यास एका सुटीच्या दिवशी आजी-आजोबा व नातवंडे यांना गावच्या रानातून एकत्र चालविता येईल. आजोबांनी नावे सांगावी, मुलांनी लिहून घ्यावी आणि समितीने ती पडताळून नोंदवावी.

काही पथ्ये पाळणे अगत्याचे आहे. वनक्षेत्रात जाण्यापूर्वी वन विभागाची अनुमती घ्यावी व स्थानिक वाटाड्या बरोबर असावा. पायांत बूट आणि अंगभर कपडे असावेत. दगडाखाली अथवा ढोलीत हात घालू नये, कारण चापड्यासारखे विषारी सर्प पानांत सहसा दिसत नाहीत. गाणी वाजवू नयेत, काही तोडू नये. मुख्य म्हणजे घाई करू नये. आम्ही दिवसभरात जेमतेम तीन किलोमीटर चाललो, आणि मुले कंटाळली नाहीत.

परतीच्या प्रवासात नातीने आपली वही दाखविली. तीत एकतीस झाडावेलींची नावे होती. मी मनाशी मोजून पाहिले. त्यांपैकी मला पाहून ओळखता येतील अशी नऊच होती. बाकीची आजोबांना, आजीला आणि त्या वाटाड्या तरुणाला ठाऊक होती. माझ्या पिढीपाशी तुटलेला धागा तिने एका दिवसात उचलला होता.

आमच्या गावच्या उतारावर यंदा वणवा येऊ नये म्हणून वाडीतील लोकांनी जाळरेषा काढली आहे. मे महिन्यात आजोबांनी रातांब्याचे व जांभळाचे बी गोळा करावयाचे आणि जूनमध्ये पहिल्या पावसाबरोबर नातवंडांनी ते पेरावयाचे, असे ठरले आहे. झरा पुन्हा वैशाखापर्यंत वाहू लागण्यास किती वर्षे लागतील, असे धाकट्याने विचारले. "तू माझ्याएवढा होण्याच्या पुष्कळ आधी," असे उत्तर त्यास मिळाले.