बिलात नसलेली ओळ

"यात इंधन समायोजन कुठंय गं?"

2025च्या जुलैतली संध्याकाळ होती. ऑकलंडमधल्या आमच्या स्वयंपाकघरात हीट पंप घरघरत होता, आणि बाबांनी जूनचं विजेचं बिल टेबलावर पसरून हातात पेन्सिल घेतली होती. त्यांची सगळी नोकरी कराडला बिलिंगच्या टेबलावर गेली, आधी वीज मंडळात आणि 2005च्या जूनमध्ये मंडळाचे भाग पडल्यावर महावितरणमध्ये. लेकीकडे आल्यावर ते आराम करतील असं मला वाटलं होतं. पण बिल चारशे डॉलरला टेकल्याचं त्यांच्या कानावर गेलं आणि त्यांना राहवेना.

महाराष्ट्रातल्या बिलात ओळींची उतरंड असते. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, आणि घरगुती ग्राहकाला त्यावर 16 टक्के वीज शुल्क. कोळसा महागला किंवा चढ्या भावानं वीज विकत घ्यावी लागली, की मंजूर दरात न मावलेला खर्च नंतरच्या बिलांमध्ये समायोजनाच्या ओळीतून वसूल होतो. "काउंटरवर भांडायला आलेला माणूस नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवायचा," बाबा म्हणाले.

आमच्या बिलात मोजून चार ओळी होत्या. रोजचा स्थिर आकार, वापरलेले युनिट, इलेक्ट्रिसिटी ऑथॉरिटीची लेव्ही आणि सगळ्यावर 15 टक्के जीएसटी. लेव्ही इतकी किरकोळ, की युनिटमागे सेंटचा एक तुकडाच. बाबांनी चारही ओळींशेजारी मराठी नावं लिहिली आणि विचारलं, "मग तारांचे पैसे कोण घेतं?"

तारांचे पैसे आमच्याच दरात मिसळलेले असतात. न्यूझीलंडनं 1998च्या कायद्यानं तारा सांभाळणाऱ्या आणि वीज विकणाऱ्या कंपन्या वेगळ्या केल्या. आमच्या गल्लीतल्या तारा व्हेक्टरच्या, देशभरचे मोठे मनोरे ट्रान्सपॉवरचे. आम्ही पैसे भरतो ते वीज विकणाऱ्या कंपनीकडे. तिनं या दोघांचा वाटा आधीच दरात धरलेला असतो. त्यामुळे वहन आकाराची वेगळी ओळ आमच्या बिलावर दिसत नाही.

मग बाबांची पेन्सिल रीडिंगवर थांबली. चालू रीडिंगपुढे 'ए' हे बारीक अक्षर होतं, मागच्या रीडिंगपुढे 'ई'. चार वर्षं मी इथली बिलं भरतेय, पण ही अक्षरं कधी माझ्या नजरेत भरली नव्हती. 'ए' म्हणजे प्रत्यक्ष घेतलेलं रीडिंग, 'ई' म्हणजे अंदाज. "सरासरीचं बिल," बाबांनी निदान केलं. टॉर्च घेऊन आम्ही पावसातच मीटरपेटी उघडली आणि आकडे उतरवले. दुसऱ्या दिवशी कंपनीला फोन केल्यावर उलगडा झाला. मे महिन्यात स्मार्ट मीटरचा संदेश कंपनीपर्यंत पोहोचला नव्हता. तिनं अंदाजानं 520 युनिट धरले, प्रत्यक्षात 670 जळले होते. राहिलेले 150 युनिट जूनमध्ये येऊन बसले. जूनचा खरा वापर 830 युनिट, बिलात मात्र 980. जादा काही आकारलं नव्हतं, पण दोन महिन्यांचं ओझं एका महिन्याच्या खांद्यावर आलं होतं. हाच प्रकार दरवाढीच्या तोंडावर झाला असता, तर जुन्या दराचे युनिट नव्या दरानं मोजले जाण्याची भीती होती.

तरी हिशेब पुरता जुळेना. मी जुनी बिलं काढली आणि रोजच्या स्थिर आकाराचं कोडं सुटलं. वर्षाला 8,000 युनिटांच्या आत राहणाऱ्या घराकडून जीएसटी वगळून दिवसाला 30 सेंटपेक्षा जास्त स्थिर आकार घ्यायचा नाही, असा इथे 2004चा नियम होता. ख्राइस्टचर्चपासून दक्षिणेला थंडी जास्त, म्हणून तिथे ही मर्यादा 9,000 युनिटांची. 1 एप्रिल 2022पासून हा नियम टप्प्याटप्प्यानं मोडीत निघतोय. दरवर्षी 30 सेंट वाढत 2025मध्ये आकडा दीड डॉलरवर आला. तीस दिवसांच्या महिन्यात जीएसटीसह पूर्वी 10 डॉलर 35 सेंट होत, 2025मध्ये 51 डॉलर 75 सेंट. घरात एकही दिवा न लावता! 2026च्या एप्रिलसाठी स्थिर आकाराची मर्यादा 1 डॉलर 80 सेंट ठरलेली होती आणि 2027च्या एप्रिलपासून मर्यादाच उरणार नाही.

यामागचं कारणही मी बाबांना सांगितलं. कमी वापर म्हणजे गरीब घर, असं दर वेळी नसतं. गार, ओलसर घरात राहणाऱ्या मोठ्या गरीब कुटुंबाला वीज जास्तच लागते, आणि जुन्या नियमानं त्यांना महाग युनिटचा भार सोसावा लागे. हे मला पटतं. पण एका खोलीत काटकसरीनं राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला आता दिवा मालवून पैसे वाचवायला फारशी जागा उरत नाही, हेही तितकंच खरं.

"आणि पाऊस कमी पडला तर?" कोयनेच्या मुलखातल्या माणसानं हे विचारणारच. इथली निम्म्याहून जास्त वीज पाण्यावर होते आणि सरोवरांतला साठा काही आठवड्यांपुरताच असतो. 2024च्या हिवाळ्यात पाणी आटलं, गॅसही कमी पडला. ऑगस्टमध्ये घाऊक भाव मेगावॉट-तासाला 800 डॉलरच्या वर गेला, म्हणजे युनिटला 80 सेंट. रुआपेहू भागातल्या दोन लाकूड-लगदा गिरण्या विजेच्या भावाचं कारण देऊन बंद झाल्या. आमच्या त्या महिन्याच्या बिलातला दर मात्र तसूभर हलला नाही, कारण घरगुती दर आधीच ठरलेला होता.

"म्हणजे कुणीतरी तो खर्च मागे ठेवलाय," बाबा म्हणाले. "दरबदलाचं पत्र काढ."

मार्चमध्ये ईमेल आला होता. मी तो उघडलाही नव्हता. 1 एप्रिलपासूनचे नवे दर त्यात दिले होते. तारांच्या कंपन्यांनी किती वसूल करायचं हे कॉमर्स कमिशननं 2025 ते 2030साठी नव्यानं ठरवलं होतं. त्यामुळे पहिल्या वर्षी बहुतेक घरांचं बिल भागानुसार महिन्याला 10 ते 25 डॉलरनं वाढणार होतं. वीजखरेदीचा खर्चही त्याच दरांत मुरलेला. महाराष्ट्रात नंतरच्या बिलांत येणारी ओळ इथे वर्षातून एकदा येते, आणि ती बिलावर नसते. दुसरी कंपनी स्वस्त पडेल का, हे दरांची तुलना करणाऱ्या संकेतस्थळावर तपासायचं तर असं पत्र येतं त्याच दिवसांत. त्यासाठी हाताशी वर्षभराचे खरे युनिट हवेत, अंदाजाचे नकोत.

ईमेल छापून मी बिलांच्या फायलीत सगळ्यात वर लावला. बाबांनी पेन्सिलनं त्याच्या माथ्यावर तीन अक्षरं लिहिली: इं. स. आ.