भालकीचे जाधव : एक घराणे, अनेक छावण्या

डिसेंबर १७५७. सिंदखेडला पेशव्यांच्या फौजेचा वेढा पडला होता आणि आत निजामाचे सरदार रामचंद्र जाधव अडकले होते. सिंदखेड म्हणजे लखुजी जाधवांचे गाव, जिजाऊंचे माहेर. ज्या कुळाच्या लेकीच्या पोटी स्वराज्याचा संस्थापक जन्मला, त्याच कुळाच्या वारसाला मराठी फौजेने पूर्वजांच्या गावी कोंडले होते. सोडवायला धावला तो निजामाचा भाऊ निजाम अली.

शाळेतल्या इतिहासाकडे याला एक सोपा शब्द आहे : फितुरी. पण या घराण्याची वंशावळ उलगडू लागलो की तो शब्द अपुरा पडतो. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत लखुजी मोगलांकडे, तर जावई शहाजीराजे अहमदनगरच्या निजामशाहीकडे होते. पुढे लखुजी निजामशाहीत परतले आणि १६२९ मध्ये दौलताबादेच्या दरबारात मुलांसह मारले गेले. याच कुळातले धनाजी जाधव औरंगजेबाच्या फौजांना सळो की पळो करून सोडत मराठ्यांचे सेनापती झाले. १७०७ मध्ये खेडच्या लढाईत ताराबाईंची बाजू सोडून ते शाहूंना मिळाले, पण त्यासाठी त्यांना सहसा कोणी फितूर म्हणत नाही.

धनाजींच्या पश्चात सेनापतिपद मुलाला, चंद्रसेनांना मिळाले. पण एकेकाळी वडिलांच्या हाताखाली वसुलीचे काम पाहणाऱ्या बाळाजी विश्वनाथांचे वजन शाहूंच्या दरबारात वाढत चालले, तेच त्यांना खुपले. शिकारीतल्या एका हरणावरून भांडण पेटले, असे सांगतात. खरा वाद वसुलीवर कोणाची नजर असणार, हा होता. १७११ मध्ये चंद्रसेन ताराबाईंकडे गेले आणि पुढे निजामाकडे. निजामाने त्यांना भालकीची जहागीर दिली. सिंदखेडकरांशीच नाते सांगणारे वाघोलीचे पिलाजी जाधवराव मात्र बाजीरावांचे भरवशाचे सरदार झाले.

त्या काळी सरदाराला विचारला जाणारा प्रश्न होता : मीठ कोणाचे खातोस? चाकरी बदलली म्हणून ना भाषा बदलली, ना सोयरीक, ना देवघर. पण मिठालाही मर्यादा होती. १७६१ मध्ये निजाम अलीच्या फौजेने प्रवरासंगमाजवळच्या टोक्याची देवळे पाडली, तेव्हा चंद्रसेनांचे पुत्र असलेले हेच रामचंद्र जाधव त्याला सोडून पेशव्यांना मिळाले.

काळ बदलला की हा प्रश्नही कसा बदलतो, हे समजण्यासाठी आता युरोपातल्या गॅलिशियाचे शेप्टित्स्की घराणे पाहू. मूळ रुथेनियन असलेल्या या सरदार कुळाने अठराव्या शतकात ग्रीक-कॅथलिक चर्चला धर्माध्यक्ष दिले. पुढे ते पोलिश संस्कृतीत इतके मुरले की, पोलिश नाटककार अलेक्सांदर फ्रेद्रो यांची लेक या घरची सून झाली. तिचा मुलगा रोमान १८८८ मध्ये बाझिलियन मठात गेला, आंद्रेई झाला, आणि १९०१ पासून ग्रीक-कॅथलिक युक्रेनियनांचा सर्वोच्च धर्मगुरू म्हणून ओळखला गेला. धाकटा भाऊ स्तानिस्लाव पोलंडच्या सैन्यात सेनानी झाला. १९१८ च्या नोव्हेंबरात ल्विव्ह शहरासाठी पोलिश आणि युक्रेनियन लढत असताना तो पोलिश सैन्याच्या जनरल स्टाफचा प्रमुख झाला. म्हणजे एका आईची दोन मुले दोन राष्ट्रांत विभागली गेली. विसाव्या शतकाचा प्रश्न वेगळा होता : तू कोण आहेस? त्याला एकच उत्तर चालत असे.

हा प्रश्न भालकीच्या दारात आला तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी. पूर्वी निजामाच्या राज्यात असलेला त्रिभाषिक बिदर जिल्हा त्या दिवशी तीन राज्यांत विभागला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात आले आणि १९८२ पासून ते लातूर जिल्ह्यात आहेत. नारायणखेड आणि झहिराबाद आंध्रात गेले, भालकी आणि औराद म्हैसूर राज्यात. संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणेत बेळगाव-कारवारच्या जोडीने बिदर-भालकीचे नाव राहिले आणि सीमावादाचा दावा २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोचला. लातूर रोडहून उदगीर, भालकी, बिदरकडे जाणारी रेल्वे मात्र एकच राहिली आणि सोयरिकीही तशाच चालू राहिल्या.

चंद्रसेन स्वतःच्या पायांनी एका राज्यातून दुसऱ्यात गेले. १९५६ मध्ये माणसे जागच्या जागी राहिली आणि राज्यच त्यांच्या अंगावरून सरकले. म्हणून जुन्या सरदाराला फितूर ठरवण्याआधी त्याच्या काळाने त्याला कोणता प्रश्न विचारला होता, हे पाहावे लागते. भालकीच्या मराठी माणसाला तर आजही प्रश्न विचारला जातो तो भाषेचा, आणि निवाडा होतो तो हद्दीचा.