ब्लॉगचा साज आणि मराठी अक्षर

ब्लॉगचा मजकूर आणि त्याचे रूप या दोन गोष्टी वेबवर वेगवेगळ्या ठेवलेल्या असतात. लेख डेटाबेसमध्ये साठवला जातो. तो कोणत्या अक्षरात, किती रुंदीत आणि कोणत्या रंगात दिसावा, हे ‘सीएसएस’ या शैलीपत्रकात लिहिलेले असते. सीएसएसचे पहिले मानक डिसेंबर १९९६मध्ये आले. ब्लॉग चालवण्याच्या वर्डप्रेस या प्रणालीने २००४मध्ये प्लगइनची, म्हणजे जादा सोयींच्या जोडण्यांची, आणि २००५मध्ये थीमची, म्हणजे तयार रूपांची, सोय दिली आणि कोड न लिहिणाऱ्यालाही ब्लॉगचे रूप बदलणे जमू लागले. थीम बदलली की शेकडो जुन्या लेखांचे रूप एकदम पालटते आणि मजकुरातली एक वेलांटीही हलत नाही. गूगलच्या ब्लॉगरवर हेच काम ‘थीम’ आणि ‘लेआउट’ या दोन पानांवरून होते.

अडचण अशी की बहुतेक थीम रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून आखलेल्या असतात. त्यांत मराठी लेख तसाच भरला, तर वरच्या ओळीतले उकार खालच्या ओळीतल्या मात्रांना भिडतात, मथळे फुटतात आणि जोडाक्षरे ओळखताना डोळे ताणावे लागतात. त्यामुळे मराठी ब्लॉगच्या सजावटीला हात घालायचा तो अक्षरापासून. रंग, चित्रे आणि बाकीचा साज त्यानंतर.

थीममध्ये देवनागरी फॉन्ट नेमून दिलेला नसेल, तर ब्राउजर वाचकाच्या यंत्रात जो सापडेल तो वापरतो. विंडोजच्या संगणकावर एक, अँड्रॉइड फोनवर दुसरा, आयफोनवर तिसरा. लेखकाने पाहिलेले पान आणि वाचकाने पाहिलेले पान यांचा मेळच बसत नाही. गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळणाऱ्या फॉन्टपैकी एक नेमला की हा प्रश्न मिटतो. मुंबईच्या ‘एक टाइप’चा मुक्ता लांब मजकुराला उत्तम, त्यांचाच बलू गोल, ठसठशीत असल्याने मथळ्यांपुरताच वापरावा. कथा-ललितलेखनाला टिरो देवनागरी मराठीचा जाड-बारीक रेषांचा छापील घाट अधिक शोभतो. जोडाक्षरांसाठी देवनागरी फॉन्टमध्ये शेकडो आकृत्या भराव्या लागतात, त्यामुळे त्याची फाइल केवळ रोमन फॉन्टपेक्षा जड असते. अक्षराच्या प्रत्येक जाडीची फाइल बहुधा स्वतंत्र असते. साधी आणि ठळक अशा दोन जाड्या घेतल्या तरी ब्लॉगचे काम भागते.

फॉन्ट निवडल्यावर ‘सेटिंग्ज’मध्ये साइटची भाषा मराठी करणे अगदी आवश्यक आहे. याने महिन्यांची नावे मराठीत येतात, पण फायदा तेवढाच नाही. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणापेक्षा वेगळे आहेत, आणि राज्य शासनाने २००९च्या निर्णयात मराठी वळणच प्रमाण मानले आहे. ज्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपे असतात, तो पानाच्या कोडमधली भाषेची खूण पाहून योग्य ते रूप दाखवतो. खूण इंग्रजीची किंवा हिंदीची राहिली, तर मराठी लेखात हिंदी वळणाचा ‘ल’ दिसत राहतो. पाठ्यपुस्तकात मराठी ‘ल’ गिरवलेल्या मुलांसाठी ब्लॉग लिहिणाऱ्याने तरी ही गोष्ट सोडू नये.

ओळींमधले अंतर रोमन मजकुराला अक्षराच्या आकाराच्या दीडपट असले तरी चालते. मराठीत वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार येतात. ते अंतर १.७ ते १.८ पट केले की ओळी मोकळ्या होतात. अक्षरांमधले अंतर मात्र शून्यच हवे. इंग्रजी मथळा देखणा व्हावा म्हणून अनेक थीम अक्षरे विरळ करतात. तीच सूचना ‘महाराष्ट्र’ या मथळ्याला लागू झाली, की शिरोरेषा ‘म’, ‘हा’, ‘रा’ आणि ‘ष्ट्र’ यांच्यामध्ये तीन ठिकाणी तुटते आणि एका शब्दाचे चार तुकडे दिसतात. तिरपी अक्षरेही टाळावीत. फॉन्टमध्ये तिरपे रूप नसेल तर ब्राउजर सरळ अक्षरच ओढून वाकवतो. जोर द्यायचा तिथे ठळक अक्षर पुरेसे आहे.

रंगांबाबत एक मोजमाप लक्षात ठेवावे. वेबच्या सुलभता मानकांप्रमाणे साध्या आकाराच्या मजकुराचा पार्श्वभूमीशी उजेडातला फरक किमान ४.५ : १ असावा. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरे या कसोटीला उतरत नाहीत, आणि उन्हात फोन धरून वाचणाऱ्याला तर ती दिसतही नाहीत. मांडणीही आधी फोनवर तपासावी. संगणकावर उजवीकडे दिसणारी पट्टी फोनवर सहसा लेखाच्या खाली जाते. शोधपेटी आणि जुन्या लेखांची यादी तिथेच ठेवली असेल, तर ती फारशी कोणाच्या नजरेस पडत नाही. या दोन्ही गोष्टी वरच्या मेन्यूत घ्याव्यात.

लेखाच्या पत्त्याकडे सहसा कोणी बघत नाही. वर्डप्रेस मराठी मथळ्यावरूनच पत्ता तयार करते. ब्राउजरमध्ये तो वाचता येतो, पण कॉपी करून पाठवला की बहुतेक वेळा त्याचे सांकेतिक रूप होते. त्यात देवनागरीतले प्रत्येक चिन्ह नऊ चिन्हांनी लिहिले जाते. ‘पुणे’ या शब्दात प, उकार, ण आणि मात्रा अशी चार चिन्हे आहेत. त्यांची ३६ होतात. वर्डप्रेसमध्ये या भागाला २०० चिन्हांची मर्यादा असल्याने साधारण २२ देवनागरी चिन्हांनंतर मथळा मध्येच कापला जातो. लेख प्रसिद्ध करण्यापूर्वी दोन-तीन शब्दांचा छोटा पत्ता हाताने लिहावा, शक्यतो रोमन अक्षरांत. प्रसिद्धीनंतर पत्ता बदलला, तर आधी पाठवलेले दुवे तुटण्याचा धोका असतो.

नव्या सोयींसाठी प्लगइन असतात: ईमेलने नवा लेख पाठवणे, संबंधित लेख दाखवणे, पाककृतीला छपाईचे बटण देणे. प्रत्येक प्लगइन स्वतःचा कोड आणतो, पानाचे वजन वाढवू शकतो आणि वेळोवेळी अद्ययावत करावा लागतो. वापरात नसलेला नुसता बंद न ठेवता काढूनच टाकावा.

अक्षर, अंतर आणि रंग यांतले बदल कुठे लिहायचे, हेही आधी ठरवावे लागते. थीमच्या मूळ फायलींत केलेले बदल पुढच्या अपडेटमध्ये पुसले जातात. वर्डप्रेसमध्ये छोट्या बदलांसाठी ‘जादा सीएसएस’ची चौकट आहे, मोठ्या बदलांसाठी मूळ थीमवर बेतलेली उपथीम, म्हणजे चाइल्ड थीम, करतात. मूळ थीम अद्ययावत झाली तरी उपथीममधले बदल शाबूत राहतात. ब्लॉगरवर उपथीमची सोय नाही, त्यामुळे तिथे एचटीएमएलला हात लावण्यापूर्वी ‘थीम’च्या पानावरून बॅकअप उतरवून घ्यावा. त्या फाइलमध्ये केवळ रूप असते. लेखांची प्रत सेटिंग्जमधून वेगळी काढावी लागते.