नोकरी सुटल्यानंतरचा पगार

नोकरी सुटते त्या वेळी बहुधा दोन गोष्टी एकामागून एक घडतात. दरमहा ठराविक तारखेस येणारा पगार थांबतो. आणि काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, उपदान, नुकसानभरपाई, शिल्लक रजेचा पगार अशी नावे धारण केलेली एक मोठी रक्कम हाती येते. आयुष्यात एवढा पैसा एकदम पाहण्याचा हा कित्येक कुटुंबांचा पहिलाच प्रसंग असतो. पहिल्या गोष्टीने घर घाबरते आणि दुसरीने निर्धास्त होते. खरे पाहता धोका या निर्धास्तपणात अधिक आहे. पगाराला महिन्याची शिस्त असते. या रकमेला कसलीच शिस्त नसते. ती शिस्त बाहेरून कोणी लावून देणार नाही, कुटुंबाने स्वतःच ती लावली पाहिजे, हे आजच्या विवेचनाचे सूत्र.

इंग्लंडमध्ये १९११ साली राष्ट्रीय विम्याचा कायदा झाला, तेव्हा काही मोजक्या उद्योगांतील बेकार कामगाराला आठवड्याला सात शिलिंग, तेही वर्षात फार तर पंधरा आठवडे, मिळू लागले. रक्कम तुटपुंजी होती. परंतु ती आठवड्याला मिळत असे, म्हणून आठवड्याचे धान्य घरात येई. आपल्याकडे सामाजिक सुरक्षेची घडण निराळ्या मार्गाने झाली. १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा आजारपणासाठी, १९५२ चा भविष्यनिर्वाह निधीचा कायदा म्हातारपणासाठी, १९५३ साली औद्योगिक विवाद कायद्यात आलेली कामगारकपातीची भरपाई आणि १९७२ चा उपदानाचा कायदा सेवा संपताना द्यावयाच्या रकमेसाठी. यांतील बराचसा पैसा एकरकमी येतो. म्हणजे तेथे सरकारी कचेरी जे काम करीत होती, ते वाटपाचे काम येथे घरच्या कर्त्याला आणि गृहिणीला करावे लागते.

हप्त्याने येणाऱ्या पैशाचे महत्त्व एका अगदी वेगळ्या थरातील उदाहरणाने ध्यानात येईल. जयपूरहून आग्र्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर कानोता नावाचे ठिकाण आहे. तेथील जहागीरदार अमरसिंह यांनी १८९८ पासून १९४२ साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे चव्वेचाळीस वर्षे, नित्यनेमाने रोजनिशी लिहिली. अभ्यासकांना ती सुपरिचित आहे. पुढे १९५२ साली राजस्थानात जहागिऱ्या परत घेण्याचा कायदा झाला आणि अशा घराण्यांचे पिढीजात उत्पन्न संपले. त्याची भरपाई सरकारने हप्त्याहप्त्याने दिली. उत्पन्न गेले, तरी सावरण्यास वर्षे मिळाली. कानोत्याच्या घराण्याने जयपुरातील नारायण निवास आणि कानोत्याची गढी यांची हॉटेले केली. वास्तू हातची न घालवता तिला मिळवती केली.

गिरणी कामगारापाशी गढी नव्हती, वेळही नव्हता. मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. संप लांबत गेला, तो रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही, आणि हजारो कामगार गिरणीत परत जाऊ शकले नाहीत. पगार थांबलेला आणि भरपाईचाही पत्ता नाही, अशा त्या दिवसांत घराघरांतील भांडी आणि दागिने गहाण पडले. नंतरच्या काळात गिरण्या एकेक करून बंद झाल्या, तेव्हा अनेकांना त्यांची देणी फार उशिरा मिळाली. तोवर सावकाराचे व्याज चढले होते. आलेली रक्कम आधी त्या व्याजात गेली, उरलेली मुलीच्या लग्नात किंवा गावच्या घराच्या छपरात.

यावरून पहिला नियम निघतो. देणे हाती येईपर्यंतचा काळ आणि आल्यानंतरचा काळ यांचा हिशेब एकत्र मांडावा. एक उदाहरण घेऊ. समजा, शेवटचा मूळ पगार आणि महागाईभत्ता मिळून महिना १८,००० रुपये आहे आणि सेवा बारा वर्षांची आहे. उपदान मोजताना महिन्याचे दिवस सव्वीस धरतात आणि प्रत्येक वर्षासाठी पंधरा दिवसांचे वेतन देतात. १८,००० ला सव्वीसने भागून पंधराने आणि मग बाराने गुणले, की सुमारे १,२४,६१५ रुपये येतात. सव्वा लाख हा आकडा ऐकावयास भरघोस वाटतो. पण घरखर्च महिना १५,००० रुपये असेल, तर हे पैसे जेमतेम सव्वाआठ महिने पुरतात. तोच खर्च ११,००० वर आणला, तर अकरा महिन्यांहून अधिक पुरतात. रक्कम रुपयांत सांगू नये, महिन्यांत सांगावी. ‘आपल्यापाशी सव्वा लाख आहेत’ असे म्हणणारे घर आणि ‘आपल्यापाशी आठ महिने आहेत’ असे म्हणणारे घर यांचे वागणे एक राहत नाही.

दुसरा नियम असा, की ती रक्कम निराळ्या खात्यात ठेवून दर महिन्याच्या एकाच तारखेस ठरलेला भाग घरखर्चाच्या खात्यात घ्यावा. हाच नोकरी सुटल्यानंतरचा पगार. तो महिनाअखेरीपूर्वी संपला, तर पुढच्या महिन्यातून उचल घेऊ नये. खर्चाचा क्रम लावताना एकच कसोटी वापरावी: हा खर्च थांबविला, तर पुन्हा सुरू करणे किती अवघड? शाळेतून काढलेले मूल पुन्हा शाळेत बसविणे अवघड. थकलेल्या भाड्याने गेलेली खोली परत मिळणे अवघड. औषध सोडलेल्या रुग्णाची प्रकृती सुधारणे त्याहून अवघड. म्हणून धान्य, भाडे, औषध, शाळा हे आधी. कर्जाचा हप्ता देणे अशक्य दिसताच, तो थकण्यापूर्वी बँकेत जाऊन मुदत वाढवून मागावी. सण, आहेर आणि नवी वस्त्रे यांना थांबता येते.

तिसरा नियम हक्कांची नीट माहिती करून घेण्याचा. उपदानासाठी सर्वसाधारणपणे पाच वर्षांची सलग सेवा लागते. भविष्यनिर्वाह निधी उतावळेपणाने काढू नये. दुसरी नोकरी लागण्याचा संभव असेल, तर जुने खाते नव्या नोकरीशी जोडता येते. १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेत मासिक निवृत्तिवेतनाच्या हक्कासाठी दहा वर्षांची सेवा लागते. नऊ वर्षे भरलेल्या माणसाने तो पैसा काढून घेतला, तर म्हातारपणाचा आधार एका वर्षासाठी हातचा जातो. राज्य कामगार विम्याचा वैद्यकीय लाभही नोकरी सुटल्याच दिवशी संपत नाही; आधी भरलेल्या वर्गणीच्या काळाला जोडलेला लाभाचा काळ असतो, तो दवाखान्यात विचारून घ्यावा. याच महामंडळाने २०१८ साली विमाधारक बेकारांसाठी अटल नावाची योजना आणली. तिच्यात नव्वद दिवसांपर्यंत साहाय्य ठेवले होते, आणि ते सरासरी वेतनाच्या चतुर्थांशावरून २०२० साली निम्म्यावर नेण्यात आले. तिची मुदत वेळोवेळी वाढविली जाते, म्हणून अर्ज करण्यापूर्वी ती चालू असल्याची खात्री करावी. मात्र आपण होऊन स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्याला ती लागू नाही. तेव्हा राजीनाम्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी ‘सोडली’ आणि ‘सुटली’ या दोन शब्दांतील अंतर जाणून घ्यावे. ते अंतर पैशांत मोजता येते.

उरला प्रश्न नव्या मिळकतीचा. मुंबईत गिरणी कामगारांना जेवण पुरविणाऱ्या खानावळवाल्या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले आणि राष्ट्रीयीकृत बँकेची कर्जे मिळवून दिली. गिरणीचा पगार हाच घराचा एकमेव आधार, असे मानले जात असतानाही त्या घरांतील चूल मिळवती होती. ते कोणी हिशेबात धरले नव्हते, इतकेच. संकटाच्या काळात घरातील प्रत्येकाच्या हाताची मोजदाद करावी. मात्र आलेली सारी रक्कम एखाद्या अपरिचित धंद्यात घालू नये. आठ महिन्यांपैकी फार तर दोन महिन्यांचा पैसा नव्या उद्योगात घालावा. तो बुडाला, तरी घर सहा महिने उभे राहील.

शेवटची गोष्ट पैशांची नाही, पण पैशांवर तिचा परिणाम होतो. पुष्कळ माणसे नोकरी सुटल्याचे घरात सांगत नाहीत. सकाळी डबा घेऊन नित्याप्रमाणे बाहेर पडतात. अब्रू राखण्याच्या या धडपडीत पहिले दोन महिने जुन्याच खर्चाने निघून जातात, आणि ते परत येत नाहीत. ज्या रात्री बातमी कळेल, त्याच रात्री वही काढून पत्नीसह, जाणत्या मुलांसह हिशेबाला बसावे. घरात किती महिने आहेत हे मुलांना ठाऊक असले, म्हणजे ती हट्ट कमी करतात आणि, अनुभव असा आहे, मदतही करू लागतात.