मुळावरच्या गाठी आणि जिवाणूंची सुई

मागच्या श्रावणात सातवीच्या मुलांना घेऊन शाळेशेजारच्या वावरात गेलो होतो. सोयाबीनचं एक रोप मातीसकट उकरलं, मुळं बादलीत धुतली. एक गाठ ब्लेडने कापली तर आत लाल-गुलाबी! "सर, रक्त आहे का?" प्रश्न अगदीच चुकीचा नाही. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या हिमोग्लोबिनच्या भाऊबंदाचा. ते जिवाणूंना श्वसनापुरता ऑक्सिजन पुरवतं, पण मोकळा राहू देत नाही. कारण नत्र बांधणारं नायट्रोजनेज हे विकर ऑक्सिजनने निकामी होतं. गाठ आतून पांढरी किंवा हिरवट असेल, तर तिथे काम बंद आहे असं समजावं.

मग एका मुलीने विचारलं, "जिवाणू आत शिरले, तर झाड आजारी का पडत नाही?" पुस्तकात 'सहजीवन' एवढा एकच शब्द आहे, आपणही तोच सांगून पुढे सरकतो. खरी गंमत तिथेच राहून जाते.

मूळ फ्लॅव्होनॉइड नावाची रसायनं सोडतं. ती ओळखून रायझोबियम 'नॉड फॅक्टर' हा निरोप पाठवतो, मूलरोम वाकतो आणि आत जायला वाट होते. पण बऱ्याच रायझोबियमांकडे आणखी एक साधन असतं: टाइप-3 स्रावयंत्रणा. इंजेक्शनच्या सुईसारखी ही प्रथिनांची पोकळ नळी. तिच्यातून जिवाणू आपली प्रथिनं थेट झाडाच्या पेशीत सोडतो. टायफॉइडच्या साल्मोनेलाकडेही अशीच सुई असते! यातली काही प्रथिनं झाडाची प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात.

डाव उलटतोही. पापुआ न्यू गिनीत वालाच्या गाठींतून मिळालेला एनजीआर 234 हा जिवाणू शंभराहून अधिक प्रजातींच्या वनस्पतींवर गाठी करतो. त्याची सुई निकामी केली, तर टेफ्रोसियाच्या (आपली उन्हाळी याच प्रजातीतली) एका जातीवर गाठी घटतात, आणि एका कंदवेलीवर चक्क वाढतात. सोयाबीनच्या काही वाणांत तर आरजे-2 हे जनुक असतं. ते काही जिवाणूंचं 'नॉप-पी' प्रथिन ओळखतं आणि दार लावून घेतं.

म्हणजे जोडी आधी रसायनांच्या ओळखीवर जुळते, मग या प्रथिनांवर टिकते किंवा मोडते. म्हणूनच सोयाबीनला सोयाबीनचंच जिवाणू खत लागतं, 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम, आणि बुरशीनाशक चोळायचं असेल तर ते आधी.

त्या मुलीच्या घरी यंदा पहिल्यांदाच सोयाबीन होतं. रब्बीतलं उरलेलं हरभऱ्याचं पाकीट चोळलं होतं. दुसऱ्या दिवशी ती घरचं रोप घेऊन आली. गाठी मोजल्या. तीन.