बॉबव्हाइट लावा पक्ष्याची घट आणि अधिवास व्यवस्थापन

प्रस्तावना :
बॉबव्हाइट हा लावा (बटेर) पक्ष्याच्या गटातील एक पक्षी एके काळी अमेरिकेच्या आग्नेय भागात शेतांच्या बांधांवर व विरळ पाइन वनांत विपुल आढळत असे. १९६६ पासून होत असलेल्या प्रजननकालीन पक्षीगणनेनुसार त्याची संख्या ८० टक्क्यांहून अधिक घटली आहे. अधिवासाचा ऱ्हास हे या घटीचे मूळ कारण होय.

अधिवासाची गरज :
हा पक्षी जमिनीवर घरटे करतो. त्याच्या पिलांना पहिले काही आठवडे प्रथिनांसाठी कीटक लागतात. म्हणून घरट्यासाठी गवताचे ठोंब, पिलांना फिरण्यासाठी मोकळी जमीन आणि लपण्यासाठी झुडपे ही तिन्ही एकमेकांजवळ असावी लागतात.

ऱ्हासाची कारणे :
बांधापर्यंत होणारी नांगरट, पाइनची दाट लागवड आणि चाऱ्यासाठी आणलेले फेस्क्यूसारखे दाट गवत यांमुळे ही रचना मोडली. अशा गवतातून पिलांना वाट काढता येत नाही. वनांतील आग पूर्णपणे रोखण्याचे धोरणही घातक ठरले. आग थांबताच झुडपांचे रान माजते, जमिनीवर सावली पडते आणि गवत व शेंगवर्गीय वनस्पती नाहीशा होतात.

व्यवस्थापनाचे उपाय :
हर्बर्ट स्टॉडर्ड यांनी १९२४ पासून जॉर्जिया व फ्लोरिडा यांच्या सीमाभागात या पक्ष्याचा अभ्यास केला. १९३१ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी, प्रचलित मताविरुद्ध, नियंत्रित आगीचा पुरस्कार केला. आज दर दोन-तीन वर्षांनी जमीन तुकड्या-तुकड्यांनी जाळली जाते. शेजारच्या न जळलेल्या तुकड्यात पक्ष्यांना आश्रय मिळतो. ऊन जमिनीपर्यंत पोहोचावे म्हणून झाडेही विरळ केली जातात. २००४ मध्ये सुरू झालेल्या शासकीय योजनेत शेताच्या कडेने ३० ते १२० फूट रुंदीचे गवताळ पट्टे राखणाऱ्या शेतकऱ्यांना मोबदला देण्याची तरतूद करण्यात आली. याउलट, पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी सोडण्याचा उपाय टिकाऊ ठरत नाही. त्यांतील बहुतेक अल्पावधीतच भक्षकांच्या तोंडी पडतात.

समारोप :
जमीन केवळ राखून ठेवल्याने या पक्ष्याचे संरक्षण होत नाही. आग, विरळणी व बांधाची निगा ही कामे ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा करावी लागतात. या प्रदेशातील बहुतांश जमीन खाजगी मालकीची असल्याने जमीनमालकांचा सहभाग व त्यांना मिळणारे आर्थिक साहाय्य यांवरच या पक्ष्याचे भवितव्य मुख्यतः अवलंबून आहे.