लॉर्ड नॉर्थ स्ट्रीटवरचा पुस्तिकांचा कारखाना

लंडनमध्ये पार्लमेंटपासून चालत पाच-सात मिनिटांवर लॉर्ड नॉर्थ स्ट्रीट नावाची आखूड गल्ली आहे. दोन्ही अंगांना अठराव्या शतकातली विटांची घरं, टोकाला स्मिथ स्क्वेअर. या चौकात एके काळी हुजूर आणि मजूर अशा दोन्ही पक्षांची मुख्यालयं होती. गल्लीतल्या दोन नंबरच्या घरात इन्स्टिट्यूट ऑफ इकॉनॉमिक अफेअर्स, म्हणजे आयईए, १९६९ साली राहायला आली. तिच्याकडे ना उमेदवार, ना कार्यकर्ते. तिने मुख्यतः मुक्त बाजाराची बाजू मांडणाऱ्या पुस्तिका काढल्या, आणि ब्रिटनच्या अर्थकारणाची दिशा बदलण्यात त्या पुस्तिकांचा वाटा मोठा आहे, हे तिचे विरोधकही नाकारत नाहीत.

संस्थापक अँटनी फिशर दुसऱ्या महायुद्धातले लढाऊ वैमानिक. त्यांच्याच तुकडीत असलेला भाऊ १९४० साली लढाईत गेला. १९४५ मध्ये ‘रीडर्स डायजेस्ट’मध्ये त्यांनी अर्थशास्त्रज्ञ फ्रीडरिख हायेक यांच्या ‘द रोड टू सर्फडम’चा संक्षेप वाचला आणि थेट लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये जाऊन हायेकना गाठलं. राजकारणात उतरू का, असा त्यांचा प्रश्न होता. हायेकनी साफ नको म्हणून सांगितलं. पुढारी समाजात आधीच रुजलेल्या मतांमागून चालतात, तेव्हा शिक्षक, पत्रकार, लेखक यांची मतं वळवा, असा सल्ला दिला.

सल्ला फुकट होता, पण तो अंमलात आणायला पैसा लागणार होता. तो कोंबड्यांनी दिला. अमेरिकेतलं बंदिस्त ब्रॉयलर पालन पाहून आलेल्या फिशरनी ससेक्समध्ये ‘बक्स्टेड चिकन्स’ उभी केली आणि एरवी सणावारी शिजणारी कोंबडी साध्या घरांच्या ताटात येऊ लागली. १९५५ मध्ये त्यांनी आयईए काढली. (पुढे केमन बेटांवरच्या कासवपालनात त्यांनी घातलेला पैसा अमेरिकेच्या आयातबंदीमुळे बुडाला. सरकारी नियमांवरचा राग निवळायला त्यामुळे काही जागा उरली नसणार.)

संस्था चालवली ती राल्फ हॅरिस आणि आर्थर सेल्डन यांनी. दोघेही पैसेवाल्यांच्या घरातले नव्हेत. हॅरिस टॉटनहॅमच्या कामगार वस्तीत वाढले. सेल्डनचे आईवडील १९१८ च्या फ्लूच्या साथीत गेले आणि ईस्ट एंडमधल्या एका चांभाराने त्यांना सांभाळलं. हॅरिस वर्गणी गोळा करत, लोकांना जेवायला बोलावत, पाइप ओढत हास्यविनोद करत. सेल्डन हस्तलिखितावर बसत. ‘हे राजकारणात जमेल का’ असा विचार लेखकाने मनात आणायचाच नाही, हा त्यांचा दंडक. मागची-पुढची गणितं पुढाऱ्यांनी करावीत, लेखकाने युक्तिवाद शेवटापर्यंत न्यावा. पुस्तिका आटोपशीर, भाषा शिकल्यासवरलेल्या सामान्य वाचकाला पेलेल अशी, मागे पुढच्या वाचनाची यादी. त्यांना ‘हॉबार्ट पेपर’ म्हणत, कारण संस्थेची आधीची कचेरी हॉबार्ट प्लेसमध्ये होती.

१९६० चा पहिलाच हॉबार्ट पेपर बघण्यासारखा आहे. विषय अगदी वाण्याच्या दुकानातला. त्या काळी ब्रिटनमध्ये साबणापासून चॉकलेटपर्यंत अनेक वस्तूंचा किरकोळ भाव कारखानदार ठरवून देई, आणि दुकानदाराने त्याहून स्वस्त विकलं तर त्याचा माल बंद होई. आपली एमआरपी वरची मर्यादा असते, ही खालची होती. बॅसिल येमी यांनी यात गिऱ्हाईक कसं नागवलं जातं ते मांडलं. १९६४ मध्ये व्यापारमंत्री एडवर्ड हीथ यांनी स्वपक्षातल्या बंडाला न जुमानता ही प्रथा बहुतांशी मोडीत काढली. छोट्या दुकानदारांचा तोटा झाला, सुपरमार्केटं फोफावली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि आयईएच्या चाहत्यांना पहिली सांगायला फारसं आवडत नाही.

इथे मराठी वाचकाला ओळखीचा एक धागा सापडतो. सेल्डनचे गुरू अर्नल्ड प्लँट लंडन स्कूलमध्ये विद्यार्थी होते, त्याच सुमारास तिथे एडविन कॅनन यांच्या मार्गदर्शनाखाली डॉ. आंबेडकर ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध लिहीत होते. चलन किती काढायचं हे सरकारच्या मर्जीवर सोडू नये, हा बाबासाहेबांचा आग्रह. १९७६ मध्ये आयईएने छापलेली हायेक यांची पुस्तिका याच्या फार पुढे गेली: चलनाची मक्तेदारीच सरकारकडून काढून घ्या, असं तिचं म्हणणं. बाबासाहेब मात्र नंतर राज्य समाजवादाकडे वळले, त्यामुळे हे नातं याहून ताणण्यात अर्थ नाही.

संस्थेची अगदी पहिली, हॉबार्ट पेपरांच्याही आधीची, १९५५ मधली पुस्तिका पाउंडाच्या मुक्त परिवर्तनीयतेवर होती. परकीय चलनावरची बंधनं मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने १९७९ च्या ऑक्टोबरमध्ये उठवली, म्हणजे चोवीस वर्षांनी. हायेकनी सांगितलेल्या वाटेचा वेग हाच. पालकांना हव्या त्या शाळेत वापरता येतील अशी सरकारी व्हाउचर देण्याची सेल्डनची लाडकी योजना मात्र त्यांच्याच विचारांच्या शिक्षणमंत्र्याला, कीथ जोसेफ यांना, १९८३ मध्ये सोडून द्यावी लागली. सरकारी आरोग्यसेवेत दवाखान्याची फी घ्यावी हे सेल्डनचं म्हणणं तर ब्रिटिश मतदाराच्या गळी कधी उतरलंच नाही.

मग २०२२ साल उजाडलं. संस्थेच्या वर्तुळात वावरलेल्या लिझ ट्रस पंतप्रधान झाल्या, क्वासी क्वार्टेंग अर्थमंत्री. २३ सप्टेंबरच्या छोट्या अर्थसंकल्पात सुमारे ४५ अब्ज पाउंडांची करकपात होती आणि ती भरून काढायला कर्जाशिवाय काही दाखवलेलं नव्हतं. तीन दिवसांत पाउंड डॉलरसमोर नीचांकाला गेला. रोख्यांचे भाव कोसळले, पेन्शन फंड अडचणीत आले, बँक ऑफ इंग्लंडला रोखेखरेदीत उतरावं लागलं. ट्रस ४९ दिवसांत गेल्या.

समाजवादी टीकाकारांनी याला मुक्त बाजाराचा पराभव म्हटलं. मला ते पटत नाही, कारण तो निकाल देणारे सरकारला पैसे उसने देणारे होते, म्हणजे बाजारच. पण ट्रस यांनी थॅचर यांचा वारसा सांगावा, हेही पटत नाही. १९८१ मध्ये थॅचर यांचे अर्थमंत्री जेफ्री हाव यांनी मंदीत कर वाढवले होते, कर्ज कमी करायला. ३६४ अर्थशास्त्रज्ञांनी ‘टाइम्स’मध्ये पत्र छापून त्याचा निषेध केला, तरी ते हटले नाहीत. तिथे आधी हिशेब होता आणि मग करकपात. ट्रस यांनी हिशेब नंतर दाखवू म्हटलं.

संस्थेचे तेव्हाचे प्रमुख मार्क लिटलवूड पुढे पायउतार झाले आणि २०२४ मध्ये ट्रस यांच्यासोबत ‘पॉप्युलर कन्झर्व्हेटिझम’ नावाच्या राजकीय चळवळीत दिसले. संस्था चालूच आहे. पुस्तिका आता संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. देणगीदारांची पूर्ण यादी मात्र ती छापत नाही. ब्रिटिश अमेरिकन टोबॅकोकडून तिने पैसे घेतले आहेत आणि सिगारेटच्या साध्या वेष्टनाच्या सक्तीला विरोधही केला आहे. दुकानातल्या किमतीवर इतकं बारकाईने लिहिणाऱ्यांनी या मदतीचा आकडाही जाहीर करावा, अशी मागणी टीकाकार करतात. ती मागणी मला रास्त वाटते.